आधी सोसलेला छळ हा खुनाच्या खटल्यात बचाव होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या मावसबहिणीने लग्नानंतर ११ वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला. एका रात्री मारहाण करून तो झोपला आणि पहाटे तिने त्याच्या डोक्यात वरवंटा घातला. मग ती स्वतःच पोलीस ठाण्यात गेली. आता ती खुनाच्या कलमाखाली तुरुंगात आहे. ‘इतकी वर्षं सोसलं, हे कोर्टाला नीट सांगितलं तर ती सुटेल का?’

सेशन्स कोर्टात आरोपीच्या बाजूने उभं राहण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे सरळच सांगतो. नुसतं ‘सोसलं’ एवढ्यावर कोणी सुटत नाही. भारतीय न्याय संहितेत ‘पूर्वी छळ झाला होता’ नावाचा बचाव नाही, जुन्या दंड संहितेतही नव्हता. छळ हा पुरावा आहे. तो कुठल्या कलमाला जोडायचा हे वकिलाला पहिल्या दिवशीच ठरवावं लागतं, आणि बहुतेक खटले तिथेच बिघडतात. जोडायच्या जागा मोजक्याच आहेत: खासगी बचावाचा हक्क, गंभीर आणि अचानक प्रक्षोभ, मनाची विकल अवस्था आणि शिक्षेचं प्रमाण. तुमच्या बहिणीच्या बाबतीत पहिल्या दोनच कामाच्या आहेत.

त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण नातेवाईक ती नेहमी विसरतात. जो छळ तुम्हाला बचाव वाटतो, तोच सरकारी पक्षाला खुनाचा हेतू म्हणून वापरता येतो. शेजारीण साक्षीला उभी राहते आणि कळवळून सांगते, ‘रोज मारायचा हो तो तिला.’ सरकारी वकील शांतपणे विचारतात, ‘म्हणजे तिच्या मनात त्याच्याबद्दल राग होता?’ शेजारीण म्हणते, ‘का नसणार साहेब?’ झालं, हेतू नोंदला गेला. छळाची गोष्ट कायद्याच्या चौकटीत न बसवता नुसती दया यावी म्हणून सांगितली, की ती उलटते.

आता प्रक्षोभ. खुनाची व्याख्या न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये आहे, जुन्या कायद्यात ती ३०० मध्ये होती. तिच्या पहिल्या अपवादाप्रमाणे, मृताने दिलेल्या गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे आरोपीचा स्वतःवरचा ताबा सुटला असेल, तर गुन्हा खुनाचा न राहता सदोष मनुष्यवधाचा होतो. सगळी अडचण ‘अचानक’ या अटीची आहे. ११ वर्षांचा छळ गंभीर आहे यावर कोणी वाद घालणार नाही, पण तो अचानक कसा?

यावरचा पायाभूत निकाल आपल्या मुंबईचाच आहे, नानावटी खटल्याचा. घटना २७ एप्रिल १९५९ ची. पत्नीने दुसऱ्याशी संबंध असल्याची कबुली दिली. नौदलातल्या या कमांडरने बायकामुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या आणि त्या माणसाला त्याच्या घरी जाऊन गाठलं. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने तो कौल न मानता जन्मठेप दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ ला जन्मठेप कायम केली. कारण वेळेचं होतं. दुपारी दीडला घर सोडलं, चार वाजून वीस मिनिटांनी गोळ्या झाडल्या. डोकं थंड व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं कोर्टाने धरलं. (पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली म्हणून ते सुटले. तो बचावाचा विजय नव्हता, पण गप्पांत लोक तसंच सांगतात.)

या निकालाचा शेवटच सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण त्यातच न्यायालयाने चाचणी घालून देताना एक वाक्य असं लिहिलं आहे, जे तुमच्या बहिणीच्या वकिलाला पाठ हवं. मृताच्या आधीच्या कृत्यामुळे आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली, शेवटचा प्रसंग प्रक्षोभक होता का हे ठरवताना तीही विचारात घेता येते. म्हणजे आधीचा छळ एकटा पुरत नाही, पण शेवटचा प्रसंग किती जोराने लागला हे मोजायला तो आत येतो. मात्र शेवटचा प्रसंग हवाच, आणि त्याचा राग निवायच्या आत कृती घडलेली हवी. २०१४ मध्ये एका जवानाच्या प्रकरणात हेच दिसलं. दुपारी वरिष्ठाने अत्याचार केला असं त्याचं म्हणणं होतं. गोळी त्याने रात्री पहाऱ्यावर असताना झाडली. सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षोभाचा बचाव नाकारला. अपमान मोठा होता, पण मध्ये तास गेले होते.

मद्रास हायकोर्टाने मात्र १९८९ मध्ये सुयंबुक्कनी खटल्यात वेगळी वाट काढली. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून लेकरांसह विहिरीत उडी घेतलेली, पण स्वतः वाचलेली आई. आपल्याकडे अशा बातम्या किती वेळा वाचल्यात ते आठवा. वाचलेल्या आईवर खुनाचाच गुन्हा लागतो. तमिळ लोककथेतल्या, मुलांसह विहिरीत जीव देणाऱ्या नल्लथंगाळची आठवण काढत त्या न्यायालयाने म्हटलं की सतत चालणारा, साचत जाणारा प्रक्षोभही न्यायालयं विचारात घेत आली आहेत, अपवादाच्या शब्दांत तो बसत नसला तरी. गुवाहाटी हायकोर्टाने २०१३ मध्ये मंजू लाक्रा प्रकरणात मार खाणाऱ्या स्त्रीच्या मानसिक अवस्थेची सविस्तर चर्चा केली आणि खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आणली. पण तिथे नवरा त्या क्षणी तिला लाकडाने मारत होता आणि तिने तेच लाकूड हिसकावून घातलं होतं. तुमच्या बहिणीचा नवरा झोपलेला होता. दोन्ही निकाल मुंबई हायकोर्टावर बंधनकारक नाहीत, युक्तिवादाला वजन देतात इतकंच. सर्वोच्च न्यायालयाने साचलेल्या छळाला स्वतंत्र बचाव म्हणून अजून मान्यता दिलेली नाही.

इथे बरेच वकील किरणजीत अहलुवालियांचं नाव घेतात आणि घाईने घेतात, म्हणून थोडं थांबतो. इंग्लंडमधल्या या पंजाबी स्त्रीने १० वर्षांच्या छळानंतर मे १९८९ मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेट्रोल टाकून पेटवलं. जन्मठेप झाली. साऊथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने मोहीम चालवली, १९९२ मध्ये अपील मंजूर झालं आणि शेवटी भोगून झालेल्या तीन वर्षं चार महिन्यांच्या शिक्षेवर त्या सुटल्या. प्रसंग तुमच्या बहिणीच्या अगदी जवळचा आहे. पण अपील मंजूर झालं ते प्रक्षोभावर नव्हे. प्रक्षोभाचा मुद्दा त्या न्यायालयाने फेटाळला. मध्ये वेळ गेला एवढ्यावरून बचाव आपोआप बाद होत नाही एवढं मान्य केलं, पण ताबा त्या क्षणी अचानक सुटलेला असला पाहिजे ही अट ठेवलीच. मंजूर झालं ते नव्या वैद्यकीय पुराव्यावर, मानसिक आजाराने जबाबदारी कमी झाली होती या मुद्द्यावर. तो बचाव आपल्या कायद्यात नाहीच. आपल्याकडे न्याय संहितेचं कलम २२ आहे, पूर्वीचं ८४. त्यात कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक आहे हेच कळत नव्हतं, इथपर्यंत जावं लागतं. जी बाई पहाटे स्वतः चालत पोलीस ठाण्यात गेली आणि काय झालं ते सांगितलं, तिच्यासाठी ते कलम चालणार नाही. नैराश्य, धास्ती, झोप उडणं याने ते भागत नाही. इंग्लंडने पुढे कायदाच बदलला. ऑक्टोबर २०१० पासून तिथे ताबा ‘अचानक’ सुटलेला असण्याची अट गेली आणि गंभीर हिंसेची भीती हेही ताबा सुटण्याचं कारण धरलं जाऊ लागलं. आपण २०२३ मध्ये सगळी संहिता नव्याने लिहिली आणि हा अपवाद मात्र जसाच्या तसा उचलला. संधी होती, ती वाया गेली असं माझं मत आहे.

मग झोपलेल्या माणसाच्या प्रकरणात करायचं काय? प्रक्षोभ अचानक आणि गंभीर होता का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे असं अपवादाच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. म्हणून त्या रात्रीचा तास न् तास उभा करावा लागतो. शेवटचा मार किती वाजता? झोपण्यापूर्वी तो काय म्हणाला? दाराला कडी आतून होती की बाहेरून? मुलं कुठे होती? ती मध्ये झोपली का, की तशीच बसून होती? वरवंटा ओट्यावरच होता की मागच्या पडवीतून आणला? सरकारी पक्ष ‘रात्री अकराला भांडण, पहाटे चारला खून’ एवढंच मांडेल. मधल्या पाच तासांत ती भिंतीला टेकून रक्त पुसत बसली होती आणि तो मध्येच उठून पुन्हा लाथ मारून झोपला होता, हे समोर आलं तर पाच तासांचे वीस मिनिटं होतात.

माझ्या मते खरी लढाई खासगी बचावाच्या हक्कावर आहे, निदान ती मांडायला तरी हवी. कलम ४० सांगतं की शरीराच्या बचावाचा हक्क हल्ला झाल्यावर नाही, तर हल्ल्याच्या प्रयत्नाने किंवा धमकीने धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की सुरू होतो आणि भीती आहे तोवर टिकतो. ‘सकाळी उठल्यावर तुला आणि पोरीला संपवतो’ असं म्हणून तो झोपला असेल, आणि आधीच्या धमक्या त्याने खऱ्या करून दाखवल्या असतील, तर भीती झोपेने संपली असं म्हणता येत नाही. ११ वर्षांचा अनुभव इथे कामाला येतो. तिऱ्हाइताला जे बरळणं वाटेल, ते तिला वेळापत्रकासारखं माहीत असतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये लव्हाली खटल्यात हेच धरलं होतं: भीती रास्त होती का, हे अशा स्त्रीच्या अनुभवातून पाहायचं. तिथे गोळी पाठीमागून, डोक्यात लागली होती, तरी ज्यूरीचा निर्दोषत्वाचा कौल कायम राहिला.

आडवं येतं ते कलम ३७. सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ होता, तर खासगी बचावाचा हक्क नाही. न्यायाधीश हा प्रश्न हमखास विचारतात: तो झोपला होता, दार उघडं होतं, पोलीस ठाणं दोन किलोमीटरवर, मग गेली का नाही? याचं उत्तर भावनेने देऊन चालत नाही, कागदाने द्यावं लागतं. ती आधी गेली होती. एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून, ‘घरगुती भांडण आहे, समजुतीने घ्या’ म्हणून परत पाठवली होती. तक्रार करून परत आली त्या रात्री तिला जास्त मार पडला होता. अशी दोन-तीन पानं मिळाली तर कलम ३७ ची धार जाते. म्हणून जुन्या तक्रारी शोधायच्या त्या सहानुभूतीसाठी नाहीत, या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी. पूर्ण हक्क मान्य झाला नाही, तरी बचाव करताना सद्भावनेने मर्यादा ओलांडली हा दुसरा अपवाद उरतो. मात्र त्यात पूर्वतयारी नसावी लागते, आणि म्हणूनच वरवंटा कुठून आला हा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

हे कागद कुठे सापडतात ते सांगतो. पोलीस ठाण्याचं अदखलपात्र गुन्ह्यांचं रजिस्टर. भरोसा सेल किंवा महिला साहाय्य कक्षातल्या समुपदेशनाच्या नोंदी. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याने भरलेला घटना अहवाल. गावात तंटामुक्त समितीपुढे प्रकरण गेलं असेल तर तिचं इतिवृत्त. ग्रामीण रुग्णालयाचे केसपेपर, ज्यात बहुधा ‘पडल्यामुळे जखम’ असंच लिहिलेलं असतं. ते टाकून देऊ नका, तीन वर्षांत पाच वेळा ‘पडलेली’ बाई डॉक्टरांच्या उलटतपासणीत खूप काही सिद्ध करते. माहेरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले सुजलेल्या डोळ्याचे फोटो असतील, तर तो मोबाइल फॉरमॅट करू नका आणि विकू तर अजिबात नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ५३ प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीला डॉक्टरांनी तपासायचं असतं, स्त्री असेल तर महिला डॉक्टरांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली. अंगावरच्या जखमा आणि मारहाणीच्या खुणा नोंदवायच्या, त्या साधारण केव्हाच्या तेही लिहायचं आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला द्यायची. प्रत्यक्षात ‘ताजी जखम नाही’ एवढी ओळ लिहून मोकळे होतात. जुन्या खुणांकडे कोणी पाहत नाही: मांडीवरचे चटक्यांचे डाग, वाकडं जुळलेलं मनगट, कानाचा फाटलेला पडदा. मॅजिस्ट्रेटपुढे पहिल्यांदा हजर करतानाच, जुन्या जखमांसह पुन्हा तपासणी आणि एक्स-रे करावा, असा अर्ज द्यायचा असतो. वेळ टळली असेल तरी आता द्या. जुळलेलं हाड वर्षभराने तपासलं तरी आपली हकीकत सांगतं.

आता बचावाच्या बोलण्याबद्दल. आपल्याकडे सवय अशी की साक्षी संपल्यावर आरोपीच्या जबाबात प्रत्येक प्रश्नाला ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’ असं उत्तर द्यायचं. चोरीच्या खटल्यात ते चालून जातं. इथे ते आत्मघातकी आहे. ‘मी मारलंच नाही’ आणि ‘मी जीव वाचवायला मारलं’ या दोन्ही गोष्टी एकाच तोंडून निघाल्या की न्यायाधीश दुसरी ऐकून घेत नाहीत. कायद्याने सवलत आहे. आरोपीने सेल्फ डिफेन्सचा मुद्दा घेतला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय विचारात घेऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मुन्शीराम खटल्यात स्पष्ट केलंय. बचाव सिद्ध करण्याचं ओझंही हलकं आहे: तो संशयापलीकडे दाखवावा लागत नाही, अधिक संभवनीय वाटला तरी पुरतो. पण बंद घरात दोघंच असताना काय घडलं हे तिलाच माहीत आहे. ती गप्प राहिली तर ते मौन तिच्याविरुद्ध धरलं जातं. लेखी निवेदन देता येतं, आणि तिची तयारी असेल तर शपथेवर साक्षही देता येते. साक्ष द्यायची की नाही, हे तिची उलटतपासणी सोसायची ताकद पाहून ठरवा.

ती पोलीस ठाण्यात जाऊन जे बोलली त्याबद्दल घरचे फार घाबरतात. पोलिसांपुढची कबुली तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून येत नाही. आरोपीनेच दिलेल्या फिर्यादीचा कबुलीचा भागही येत नाही, हे १९६५ च्या अघनू नागेसिया निकालापासून पक्कं आहे. दुसरी बाजू अशी की त्याच फिर्यादीत तिने छळाबद्दल सांगितलेलंही आपोआप तिच्या कामी येत नाही. ती हकीकत कोर्टापुढे नव्याने, साक्षीदारांतून आणि तिच्या जबाबातून, उभी करावी लागते. ती पळून गेली नाही, स्वतः हजर झाली, हे वागणं मात्र नोंदवून घ्या.

शिक्षेच्या वेळी सगळं सांगू, असं कोणी म्हणत असेल तर सावध व्हा. खुनाला किमान शिक्षाच जन्मठेप आहे. तिथे ११ वर्षांचा छळ फाशी टाळण्यापुरताच उपयोगी, आणि अशा प्रकरणात फाशीचा प्रश्न तसाही येत नाही. छळाचं वजन शिक्षेत पडायचं असेल तर आधी गुन्हा सदोष मनुष्यवधावर, कलम १०५ वर, उतरवावा लागतो. तिथेही घटनेची तारीख पाहा. १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुनं कलम ३०४ लागू, ज्यात किमान शिक्षा नव्हती. त्यानंतरची असेल तर मारण्याचा उद्देश सिद्ध झाल्यावर निदान पाच वर्षं आहेत. फक्त जाणीव होती असं ठरलं तर दहा वर्षांपर्यंत, आणि त्याला किमान मर्यादा नाही. म्हणून उद्देश की जाणीव, एक घाव की सात, हा वाद पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांच्या उलटतपासणीतच लढायचा असतो. किरणजीतच्या खटल्यात शेवटी सरकारी पक्षाने खुनाऐवजी कमी गुन्ह्याची कबुली स्वीकारली, तशी तडजोड इथे होत नाही. सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना प्ली बार्गेनिंग (गुन्हा कबूल करून शिक्षेत तडजोड) लागू नाही.

तुमच्यापैकी कोणीतरी नागपूरच्या अक्कू यादव प्रकरणाचा दाखला देईल. १३ ऑगस्ट २००४ ला वर्षानुवर्षं अत्याचार सोसलेल्या वस्तीतल्या बायकांच्या जमावाने त्याला कोर्टाच्या आवारातच मारलं आणि पुढे सगळे आरोपी सुटले. खरं आहे. पण २०१४ मध्ये ते सुटले पुराव्याअभावी, कोणी मारलं हे सिद्ध झालं नाही म्हणून. सोसलेल्या अत्याचाराला न्यायालयाने बचाव मानलं, असा अर्थ त्यातून निघत नाही. तुमच्या बहिणीच्या घरात जमाव नव्हता.

तूर्त करायची कामं. जामिनाचा अर्ज स्त्री असण्याच्या आणि लहान मुलांच्या मुद्द्यावर जरूर करा, पण खुनाच्या आरोपात पहिल्याच फेरीत मिळेल असं धरू नका. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, आणि लोकअभिरक्षक कार्यालयात दिवसभर फक्त फौजदारी कामंच करणारे वकील असतात. चार्जशीटची प्रत हाती आली की पहिल्यांदा घटनास्थळ पंचनामा काढा आणि वरवंटा कुठे, पाटा कुठे, दाराची कडी कशी, घरात तुटलेलं-फुटलेलं काय, एवढं वाचा. मग अटकेचा वैद्यकीय अहवाल शोधा. तो जोडलेलाच नसेल, तर पुढच्या तारखेला तो मागण्याचा अर्ज देऊन त्यावर न्यायालयाचा आदेश घ्या.